निबंधाला आठपैकी पाचच का? सर्जनशील लेखन तपासतात तरी कसं

दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न दरवर्षी हमखास येतो. गणितात मार्क कुठे गेले ते कळतं, सायन्सची आकृती अर्धी राहिली होती हे पोरालाही माहीत असतं, पण मराठीच्या निबंधाला आठपैकी पाचच का दिले, काय चुकलं होतं त्यात? आणि यावर आम्ही शिक्षक लोक जे सांगतो त्याने पालक अजूनच गोंधळतात, "तसं चुकलं काही नाही हो, पण अजून खुलवता आला असता." आता खुलवता म्हणजे किती, आणि तीन मार्कांचं खुलवणं मोजतात कशाने, हे काही कोणी सांगत नाही. मी मराठी शिकवते, पेपरही तपासते, म्हणून म्हटलं एकदा बसून नीट लिहूनच काढू.

आधी हे मार्क पेपरात बसतात कुठे ते बघा. प्रथम भाषा मराठी, म्हणजे कुमारभारतीचा लेखी पेपर 80 चा, उरलेले 20 शाळेच्या हातातले अंतर्गत. त्या 80 मध्ये गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16 आणि उपयोजित लेखन 24. या 24 मध्ये पत्र किंवा सारांश 6 ला, जाहिरात-बातमी-कथा यातल्या कुठल्याही दोन पाच-पाचला, आणि शेवटी प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यातलं एक 8 ला. शिवाय पद्यात 4 चं रसग्रहण, गद्याच्या दोन उताऱ्यांवर तीन-तीनचं स्वमत. सगळं मिळवलं तर चौतीस मार्क असे निघतात की ज्यांचं एकच एक बरोबर उत्तर छापून देता येत नाही. टक्केवारी ज्यांना नव्वदच्या वर हवी असते त्यांचा सगळा खेळ इथेच होतो, कारण बाकीचे मार्क ती मुलं घेतातच.

तपासणीची साखळी अशी असते की मुख्य नियामकांची मीटिंग होते, तिथे नमुना उत्तरं आणि गुणदान ठरतं, ते नियामकांमार्फत परीक्षकांपर्यंत येतं, मग गठ्ठे येतात, आणि परीक्षकाने तपासलेल्यातल्या काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा बघतो. जोड्या लावा, आकृतिबंध पूर्ण करा, असल्या कृतींना ही पद्धत एकदम चोख. निबंधापाशी मात्र नमुना उत्तरात लिहायचं काय? तिथे साधारण "मुद्द्यांना धरून, ओघवत्या भाषेत लिहिणे अपेक्षित" अशा धाटणीचं काहीतरी असतं, आणि ओघवती भाषा कुणाला कशी वाटते हे ज्याचं त्याच्यापाशी.

हे नुसतं हवेत बोलण्यापेक्षा उदाहरण घेऊ. विषय समजा शाळेच्या घंटेचं आत्मकथन. चौकटीत मुद्दे दिलेत, जन्म, शाळेतले दिवस, आनंदाचे क्षण, खंत. आता दोन मुलांचे छोटे निबंध बघा, दोन्ही मी रचलेले आहेत, पण मराठीच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, हीच पोरं प्रत्येक वर्गात सापडतात. पहिला लिहितो:

"नमस्कार मुलांनो, ओळखलंत का मला? मी तुमच्या शाळेची घंटा बोलत आहे. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मला या ज्ञानमंदिरात आणण्यात आले. मी रोज वेळेवर वाजते आणि तुम्हाला वेळेचे महत्त्व सांगते. मुलांनो, गेलेली वेळ कधीच परत येत नाही."

आणि दुसरी:

"मी पितळेची आहे पण माझ्या अंगावर पोचे आहेत, ते मधल्या सुट्टीत मुल दगड मारतात त्याचे. शिपाईकाका रजेवर असले की सातवीतली मुल मला वाजवतात आणी तेव्हा शाळा दोन मिनिट आधीच सुटते. गणिताच्या तासाला सगळे माझ्याकडे बघतात. आता ऑफिसात बटनाची बेल आली. मला काढलेल नाही पण माझी हातोडी कुठे गेली माहीत नाही."

पहिल्यात एकही चूक नाही. दुसरीत 'मुल' दोनदा, 'आणी', 'काढलेल', 'मिनिट', म्हणजे अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद, शिवाय जन्माचा मुद्दा गायब, कारखाना नाही, ज्ञानमंदिर तर नाहीच नाही. पण दुसरीने घंटा बघितलेली आहे. आणि "खंत" या मुद्द्यावर "मला खूप खंत वाटते" असं न लिहिता तिने हातोडी हरवून दाखवली, हे दहावीतल्या पोरीला सुचणं ही खरंच मोठी गोष्ट आहे. गठ्ठा उपसताना संध्याकाळी सहाला हे वाक्य डोळ्यांखालून गेलं तर दिसेल? दिसेलच असं नाही, आधी 'आणी' दिसेल आणि लाल पेन तिकडे जाईल.

बरं, हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत 1912 साली स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून वेगवेगळ्या शाळांना पाठवल्या, 142 शिक्षकांनी त्या तपासल्या, 100 पैकी मार्क द्यायचे होते. एका पेपरला कुणी 64 दिले कुणी 98, दुसऱ्याला 50 पासून 97 पर्यंत. पेपर तोच, अक्षर तेच, मूल तेच. लोक म्हणाले भाषेचं असंच असतं, तर या दोघांनी पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर पाठवला आणि तिथे फरक अजूनच मोठा निघाला (कुणी स्टेप्सना मार्क देतं, कुणी टापटिपीचे कापतं), त्यामुळे गणितवाल्यांनीही फार हसू नये.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो 1961 चा अभ्यास. डीडरिक नावाच्या संशोधकाने दोन सहकाऱ्यांसोबत कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे 300 निबंध घेतले आणि 53 जणांना वाचायला दिले. यात इंग्रजीचे प्राध्यापक होते, समाजशास्त्र-विज्ञान शिकवणारे होते, लेखक-संपादक होते, वकील होते, कंपन्यांमधले अधिकारी होते. मुद्दाम कुठलाही निकष दिला नाही, तुम्हाला जे चांगलं वाटतं त्याप्रमाणे नऊ पायऱ्यांवर लावा एवढंच सांगितलं. निकाल काय आला, तर 94 टक्के निबंधांना नऊपैकी निदान सात वेगवेगळ्या पायऱ्या मिळाल्या, आणि पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या पायऱ्या मिळालेला एकही निबंध नव्हता! साधारण एक तृतीयांश निबंध तर असे की कुणाच्या मते सगळ्यात वरचे, कुणाच्या मते सगळ्यात तळाचे, आणि मधल्या प्रत्येक पायरीवरही कुणी ना कुणी बसवलेलेच.

इथवर ऐकून पालक म्हणतात, बघा, म्हणजे सगळा नशिबाचाच भाग. तसं नाहीये आणि या अभ्यासाची खरी गंमत पुढेच आहे. डीडरिकने त्या लोकांनी मारलेले शेरे तपासले तेव्हा दिसलं की हे 53 जण मनाला येईल तसे वागत नव्हते, त्यांचे गट पडत होते. काही जण मुख्यतः विचार बघत होते, मुद्दा किती स्पष्ट आहे, किती पटतोय. काही मांडणी बघत होते. काहींना लिहिणाऱ्याचा स्वतःचा बाज हवा होता. काही व्याकरण-विरामचिन्हांवर अडत होते, काही शब्दांच्या निवडीवर. म्हणजे प्रत्येकजण आपापल्या जागी बऱ्यापैकी सुसंगत होता, फक्त "चांगलं" कशाला म्हणायचं हे आधी बसून ठरवलेलं नव्हतं. आपल्या घंटेच्या दुसऱ्या निबंधाला व्याकरणवाले परीक्षक चार देतील आणि बाजवाले सात, आणि दोघंही प्रामाणिक असतील. मला तरी वाटतं या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच आहे, मार्क देणाऱ्याचा हात कडक की सैल हा दुय्यम भाग, तो बघतोय काय हे आधी.

त्यात मग बाकीच्या गोष्टी भर घालतात. सुंदर अक्षराला मार्क नसतात असं आम्ही सगळे म्हणतो आणि सुंदर अक्षर दिसलं की सगळेच जरा सैल होतो. पहिल्या पानावरची उत्तरं झकास असतील तर शेवटचा निबंधही झकासच वाटायला लागतो, आणि एखादा अफलातून पेपर तपासल्यावर लगेच हातात आलेला बरा पेपरही फिका वाटतो, पेढा खाऊन चहा प्यायला की चहा अगोड लागतो ना, अगदी तसं. यात कुणाचा हेतू वाईट नसतो, पण मार्क हलतात.

यावर उपाय म्हणून गेली काही वर्षं सगळीकडे रूब्रिक आलंय. रूब्रिक म्हणजे फार काही नाही, निकषांचा तक्ता, कशाला किती मार्क आणि कुठल्या पातळीला काय दिसायला हवं ते आधीच लिहून ठेवायचं. ट्रेनिंगमध्ये हे असं सांगतात की जणू तक्ता केला की न्याय झाला. करून बघू या. समजा 8 मार्कांचे चार भाग, विषयाला धरून 2, मांडणी 2, कल्पना आणि तपशील 2, भाषा 2. पहिल्याला विषयाचे 2, मांडणीचे 2, तपशील एक, भाषेचे पूर्ण 2, झाले 7. दुसरीला विषय 2, मांडणीत जन्म नाही म्हणून 1, तपशील 2, भाषा 1, झाले 6. म्हणजे घासून गुळगुळीत झालेला निबंध वर आणि हातोडीवाली खाली, आणि तेही एकदम नियमानुसार, कुणाला बोट ठेवायला जागा नाही.

आता तोच तक्ता जरा बदलून विषयाला 1, मांडणी 2, तपशील 4, भाषा 1 करा. पहिल्याला एक, दोन, तपशिलाचा चारपैकी एक आणि भाषेचा एक, एकूण 5. दुसरीला एक, एक, चार आणि भाषेचा अर्धा, साडेसहा. निबंधातलं एक अक्षरही बदललेलं नाही. त्यामुळे तक्ता आला की मत गेलं असं अजिबात होत नाही, मत तक्त्याच्या आत जाऊन बसतं, फायदा एवढाच की ते सगळ्यांना दिसतं आणि त्यावर भांडता येतं. हा फायदा छोटा नाहीये बरं का. शाळेत मराठीचे तीन शिक्षक असतील तर सहामाहीच्या आधी तासभर बसून "आपण तपशिलाला किती देणार" यावर वाद घालणं हे नंतर गुपचूप आपापल्या मनाने मार्क देण्यापेक्षा शंभरपट बरं.

आणि तक्त्यात शब्द काय लिहिता याला फार किंमत आहे. "कल्पनाविलास उत्तम" असं लिहिलं तर परीक्षकालाही कळत नाही आणि मुलालाही नाही. त्याऐवजी "या विषयावर वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या वहीत सापडणार नाही असा निदान एक तपशील" असं लिहा, लगेच दिसतं, आहे की नाही. "ओघवती भाषा" च्या जागी "एक वाक्य वाचल्यावर पुढचं वाचायला अडखळायला होत नाही". "परिणामकारक शेवट" च्या जागी "शेवटी उपदेश नाही". हा शेवटचा निकष मी माझ्या वर्गात लावते आणि पहिल्या महिन्यात मुलं अक्षरशः हवालदिल होतात, कारण "झाडे लावा झाडे जगवा" शिवाय निबंध संपवायचा कसा हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं.

आता शुद्धलेखन. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 नियम आणि 1972 मध्ये आलेले आणखी 4, असे 18 नियम आपण पाळतो, ते शिकवायलाच हवेत यात वाद नाही. पण भाषाभ्यासात लेखननियमांवर वेगळी कृती असतेच, तिथे एकदा मार्क जातात, मग त्याच 'आणी' साठी निबंधात पुन्हा, पत्रात पुन्हा, रसग्रहणात पुन्हा, हे जरा अतीच होतं. माझा साधा हिशोब असा की तीच चूक कितीदाही आली तरी एकदाच मोजायची, आणि चुकीमुळे अर्थच बदलत असेल किंवा वाचताना अडत असेल तरच जास्त कापायचं.

बोलीचा मुद्दा तर याहून नाजूक. कथेत एखाद्या मुलीने आजीच्या तोंडी वऱ्हाडी किंवा अहिराणी किंवा मालवणी वाक्य घातलं तर ते अशुद्ध नाही, ती आजी तशीच बोलणार. तिला "बाळा, तू कुठे चालला आहेस?" असं बोलायला लावणं हेच खरं चुकीचं. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, हे मराठी कथेत पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, पाठ्यपुस्तकातल्या धड्यांतही असतं, आणि तरी असा संवाद दिसला की खाली लाल रेघ ओढणारे आहेतच. मुलीला यातून काय कळतं तर घरची भाषा वहीत आणायची नाही, आणि मग पुढच्या वेळी कथेतली आजीच नाहीशी होते. निबंधात निवेदनातच बोली-प्रमाणाची सरमिसळ झाली असेल तर मात्र दाखवून द्यावं, तिथे मुलीने ठरवून केलंय की नकळत झालंय हे सहसा वाचताना कळतं.

रसग्रहणाकडे येऊ, कारण साहित्यावरचं लेखन तपासणं ही अजून वेगळी भानगड आहे. आपल्याकडे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन खणांत ते लिहायला शिकवतात. खण वाईट नाहीत, नवख्याला धरायला काहीतरी लागतंच. पण कविता पुस्तकातल्याच, त्यामुळे प्रत्येक कवितेचे तिन्ही खण गाईडमध्ये तयार मिळतात आणि मूल कविता न वाचताही चारपैकी तीन घेऊन जातं. हे ओळखायला मी एक युक्ती वापरते, कवितेचं आणि कवीचं नाव झाकायचं आणि उरलेली वाक्यं दुसऱ्या कुठल्याही कवितेला लावून बघायची. लागली, तर त्या वाक्यांना मार्क नाहीत.

उदाहरणार्थ या दोन ओळी, सरावासाठी केलेल्या:

एसटी गेली, धुरळा उठला, आई वेशीशी उभी
हात हलवायचा राहिला, पदर तेवढा हलला

एक उत्तर असं: "प्रस्तुत ओळींत कवीने आईच्या मायेचे हृदयस्पर्शी वर्णन केले आहे. भाषा साधी, सोपी व ओघवती आहे. यमक अलंकारामुळे कवितेला नादमाधुर्य प्राप्त झाले आहे." नाव झाका, कुठल्याही आईच्या कवितेला चालेल. आणि 'उभी' आणि 'हलला' यांत यमक आहे कुठे? नाहीच. सवयीने लिहिलंय, सगळ्या कवितांना लिहितात तसं, आणि आश्चर्य म्हणजे सवयीने त्याला टिकही मिळते.

दुसरं उत्तर: "आईने हात हलवला नाही अस कवी म्हणत नाही, राहिला म्हणतो. म्हणजे तिला हलवायचा होता. तिच्याऐवजी पदर हलला, तो वाऱ्याने की एसटीच्या वाऱ्याने ते सांगितलेल नाही. दोन्ही ओळीत जाणाऱ्याबद्दल एक शब्द नाही, पण तोच हे बघतो आहे." इथे अलंकाराचं नाव नाही, रस कुठला ते नाही, "हृदयस्पर्शी" नाही. पण या मुलाने ओळींतल्या शब्दावर बोट ठेवून सांगितलंय की हा शब्द इथे काय काम करतो, आणि कविता कोण बघतंय हेही पकडलंय. साहित्यावरच्या कुठल्याही उत्तरात, दहावी असो की एमए, मी आधी हेच शोधते, विधान केलंय तर त्याचा पुरावा ओळीत आहे का. चारपैकी साडेतीन मी डोळे झाकून देईन. बाकी अर्थ माझ्यापेक्षा वेगळा लावला म्हणून मार्क कापणं हा प्रकार बंद व्हायला हवा, पुरावा असेल तर वेगळा अर्थही बरोबरच. शाळेच्या परीक्षेत निदान एक तरी न वाचलेली कविता द्यावी म्हणजे कळतं कोण कविता वाचतंय आणि कोण गाईड.

मग एकाच्या मतावर अवलंबून राहायचं नसेल तर करायचं काय? इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात प्रवेश परीक्षेच्या निबंधांसाठी वाइझमन नावाच्या माणसाने एक पद्धत वापरली आणि 1949 मध्ये त्यावर लिहिलं. एका परीक्षकाने बारकाईने तपासण्याऐवजी चौघांनी तोच निबंध स्वतंत्रपणे, भराभर वाचून एकूण छाप काय पडली त्यावर मार्क द्यायचे, आणि चौघांची बेरीज करायची. एकाचा व्याकरणाचा सोस दुसऱ्याच्या कल्पनेच्या सोसाने भागतो, कुणी दमलेला असेल तर बाकीचे तिघे सांभाळतात. बोर्डाच्या लाखो पेपरांना चार-चार माणसं कुठून आणणार हा प्रश्न आहेच, पण शाळेत दोन तुकड्यांच्या बाईंनी वह्यांची अदलाबदल करून पहिल्याचे मार्क न बघता दुसरे मार्क देणं, यात काहीच अवघड नाही. मार्क न बघता, हे महत्त्वाचं. आधीचा आकडा दिसला की आपण त्याच्याच आसपास घुटमळतो.

दुसरी पद्धत आहे तुलनेची. थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने 1927 मध्ये मांडलेली कल्पना अशी की माणसाला "हे किती चांगलं" सांगणं अवघड जातं, पण "या दोघांत चांगलं कुठलं" हे तो पटकन आणि बऱ्यापैकी बरोबर सांगतो. तर मार्क द्यायचेच नाहीत, दोन निबंध समोर ठेवायचे, एक निवडायचा, मग दुसरी जोडी. प्रत्येक निबंध वेगवेगळ्या शिक्षकांकडून वेगवेगळ्या जोड्यांत जातो आणि सगळ्या निवडींवरून कंप्युटर क्रम लावतो. इंग्लंडमध्ये नो मोअर मार्किंग ही संस्था शाळांसाठी हेच काम करते. आमचे घंटेचे दोन निबंध शेजारी-शेजारी ठेवा आणि स्टाफरूममध्ये विचारा, 'आणी' ची चूक दिसूनही बहुतेक हात हातोडीकडेच जातील असं मला वाटतं. अडचण एवढीच की मूल विचारणार, मी खाली का, आणि या पद्धतीकडे त्याला द्यायला उत्तर नसतं.

कंप्युटरने थेट मार्क देण्याचा प्रयोगही नवा नाही, एलिस पेज याने 1966 मध्येच तो सुरू केला होता. सुरुवातीची ही यंत्रं निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, विरामचिन्हं असलं जे मोजता येईल ते मोजायची आणि त्यावरून माणसाने किती दिले असते याचा अंदाज बांधायची, आणि अंदाज बरेचदा जमायचाही. त्यावर एमआयटीच्या लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांबरोबर एक प्रोग्रॅमच बनवला जो भारदस्त शब्दांचे पण पूर्ण निरर्थक निबंध पाडायचा, आणि त्या निबंधांना अशा यंत्रांकडून मस्त मार्क मिळायचे. मला हे वाचून आपले "प्रस्तुत", "नादमाधुर्य", "ज्ञानमंदिर" आठवले, म्हणजे यंत्रच फसतं असं काही नाही. आता चॅटबॉट आलेत, घरून आणलेला निबंध कुणी लिहिला हा वेगळाच ताप झालाय, आणि तो ओळखणारी सॉफ्टवेअर्स निरपराध मुलांवरही ठपका ठेवतात. माझ्यापुरता मार्ग सोपा आहे, मार्क वर्गात लिहिलेल्यालाच, आणि कच्चा खर्डा वहीत दिसला पाहिजे.

इथे अंतर्गत 20 मार्कांबद्दलही बोलायला हवं. 2019 च्या दहावीला भाषांचे हे मार्क काढून पेपर थेट 100 चा केला होता, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. कृतिपत्रिकेचं स्वरूपही नवीन होतं, त्यामुळे सगळं खापर एकाच गोष्टीवर फोडता येणार नाही, पण पुढच्या वर्षी ते 20 मार्क परत आले यातून काय ते समजा. शाळा हे मार्क कसे वाटते हे सगळ्यांना माहीत आहे, अठरा-एकोणीसच्या खाली क्वचितच कुणी उतरतं. वाईट याचं वाटतं की वर्षभर मुलाचं लेखन कसं बदलत गेलं हे बघायला हीच खरी जागा होती, तीन तासांच्या पेपरात ते दिसूच शकत नाही.

कारण मार्क ही वेगळी गोष्ट आणि लेखन सुधारणं ही वेगळी. 1988 मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांचे तीन गट केले, एकाला फक्त मार्क, एकाला फक्त शेरा, एकाला दोन्ही. सुधारणा फक्त शेरेवाल्यांत दिसली. दोन्ही मिळालेली मुलं फक्त मार्कवाल्यांसारखीच वागली, कारण आकडा दिसला की शेरा कोण वाचतंय! वर्गात याचा वापर असा करता येतो की वही आधी शेऱ्यासह परत द्या, त्यावर मुलाने दोन वाक्यं तरी बदलून आणली की मगच मार्क सांगा. आणि शेरा म्हणजे "छान", "सुधारणा हवी" नव्हे. घंटेवाल्या पहिल्या मुलाला मी लिहीन, "कारखाना तू बघितलेला नाहीस, घंटा रोज बघतोस, ती कुठे टांगली आहे, कोण वाजवतं, एवढंच लिहून आण." दुसरीला लिहीन, "हातोडीचं वाक्य शेवटी ठेवलंस ते बरं केलंस. 'मुलं', 'आणि', 'काढलेलं' तीनदा लिहून काढ." झालं.

आता मूळ प्रश्न, आठपैकी पाच आले तर काय करायचं. बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते आणि ती घेतल्यावर पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. फोटोकॉपी आली की निबंधावर जाऊन हळहळत बसू नका, आधी बघा एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, पुरवणी मोजली आहे का, आतले मार्क पहिल्या पानावर नीट उतरलेत का, बेरीज बरोबर आहे का. या चुका खऱ्या असतात आणि दुरुस्त होतात. अशा चुका टाळायला ऑनस्क्रीन तपासणी बरी, पण घाईने आणली की काय होतं ते 2017 मध्ये मुंबई विद्यापीठात दिसलं, निकाल इतके रखडले की शेवटी कुलगुरूंना पदावरून काढावं लागलं. आणि स्क्रीनवर वाचला काय किंवा कागदावर, निबंधाचे पाच, साडेपाच की सहा हे वाचणाऱ्यावरच राहतं. म्हणून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज निबंधाच्या एका मार्कासाठी असेल तर पैसे भरण्याआधी ती फोटोकॉपी मराठीच्या दोन वेगळ्या शिक्षकांना दाखवा, आधीचे मार्क झाकून, आणि दोघांनीही सात दिले तरच पुढे जा.